हगवणीने सुकलेले वासरू : सलाईन किती लागते?

वासराला हगवण लागली की जालना जिल्ह्यातील गोठ्यांत एक मागणी हमखास होते, "डॉक्टर, ग्लुकोजची एक बाटली लावा." बाटली लागते, वासरू तासभर मान वर करते आणि दुसऱ्या दिवशी दगावते. बहुधा दोष औषधाचा नसतो, पाणीच कमी पडलेले असते.

शेतकरी बंधूंनो, हा हिशेब आपणही करू शकता. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडावी. घडी २ ते ५ सेकंद टिकली व डोळे थोडे खोल दिसले, तर वजनाच्या ६ ते ८ टक्के पाणी गेले असे समजावे. घडी त्याहून जास्त टिकली, पाय व तोंड गार लागले, वासरू उठेनासे झाले, तर तूट १० टक्के किंवा अधिक असते. वजनासाठी वासराला उचलून धान्याच्या काट्यावर उभे राहावे व आपले वजन वजा करावे.

समजा, देवणीचे वासरू ३० किलोचे आहे व तूट ८ टक्के. म्हणजे २.४ लिटर. दिवसाची नेहमीची गरज किलोमागे ५० मिली धरून १.५ लिटर. हगवण चालूच असल्याने आणखी अंदाजे १ लिटर. एकूण सुमारे ५ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या! एका बाटलीने काय होणार?

शिवाय नुसत्या ग्लुकोजमध्ये क्षार नसतात. साखर शरीरात वापरली गेली की उरते ते पाणीच. त्यामुळे पशुवैद्यक रिंगर लॅक्टेट, रक्तातील आम्लता वाढली असल्यास सोडाही, शिरेतून देतात. सलाईन स्वतः लावू नये. थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवून मगच लावून घ्यावी. सलाईन चालू असता खोकला किंवा धाप लागल्यास ताबडतोब थांबवावे व पशुवैद्यकास सांगावे. लघवी झाली की सुधारणा समजावी.

वासरू बोट चोखत असेल तर बहुतेक तूट तोंडावाटेच भरता येते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. हा उपाय हलका समजू नये. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना असेच पाणी पाजून असंख्य जीव वाचविले. दूध मात्र तोडू नये; दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवावे.

राखणीचा कुत्रा किंवा घरातील मांजर सुकल्यास हिशेब हाच. फरक एवढा, की पार्व्होच्या पिल्लाला उलट्या होत असल्याने तोंडावाटे दिलेले टिकत नाही. शिरेतूनच द्यावे लागते. वाट न पाहता १९६२ या क्रमांकावर संपर्क साधावा आणि वजन, कातडीची घडी व किती वेळा हगवण झाली, हे तिन्ही आकडे सांगावेत.