तोट्यांत चाललेली करमणुकीची बाग कशी सांवरावी

आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांत रस्त्याकांठची जमीन असलेल्या बागाईतदारांस अलीकडे करमणुकीच्या बागेचा मोह पडूं लागला आहे. कोणी पोहण्याचा तलाव बांधून त्यास घसरगुंड्या लावतो, कोणी लहान आगगाडी व पाळणे आणतो, कोणी चार खोल्या बांधून कृषि-पर्यटनाची पाटी लावतो. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण ठरविलें, त्यामुळें या उद्योगास सरकारदरबारीं नांवहि मिळालें. ज्यांची बाग उत्तम चालली आहे त्यांस या लेखाचें प्रयोजन नाहीं. ज्यांच्या दारांत रविवारीं मोटारींची रांग लागते, आणि तरीहि वर्षअखेर हातीं कांहीं उरत नाहीं व बँकेचा हप्ता थकतो, अशा खातेदारांसाठीं पुढील विचार मांडीत आहें.

प्रथम जमिनीचें पाहूं. शेतीसाठीं काढलेलें कर्ज थकणें आणि बागेसाठीं काढलेलें कर्ज थकणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २००२ सालच्या सरफेसी कायद्यानें बँकांना न्यायालयांत न जातां गहाण मालमत्तेचा ताबा घेण्याचा अधिकार दिला. परंतु त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमानें शेतजमीन त्यांतून वगळली आहे. जमीन बिनशेती करून घेतली कीं हें संरक्षण उरत नाहीं. केवळ उताऱ्यावर शेती लिहिलेली असली म्हणजे भागलें, असेंहि कोणी समजूं नये. गोव्यांतील एका समुद्रकांठच्या हॉटेलाच्या प्रकरणांत कर्जदाराचें म्हणणें असें होतें कीं, गहाण जमिनीचा कांहीं भाग शेतीचा आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं त्या जमिनीचा प्रत्यक्ष वापर पाहून तें म्हणणें अमान्य केलें. तात्पर्य, सात-बाराच्या इतर हक्कांत बागेच्या कर्जाचा बोजा चढलेला असेल तर प्रश्न पाळण्यांचा व तलावाचा राहिलेला नाहीं. तो वडिलार्जित जमिनीचा झाला आहे.

आतां तोटा कां येतो तें पाहूं. हिवाळ्यांत म्हसवड, पुसेगांव, पाल येथील यात्रांत आकाशपाळणेवाला येतो. जागेचें भाडें भरतो, चार दिवस पाळणा फिरवितो आणि यात्रा उलगडतांच सर्व सामान मालमोटारींत घालून पुढच्या गांवीं जातो. त्याचें भांडवल गर्दीच्या मागें फिरतें. बागवाल्याचें भांडवल जमिनींत रुतलेलें असतें आणि गर्दीची वाट पाहत बसतें. बुधवारीं एकहि माणूस आला नाहीं तरी रखवालदाराचा पगार, विजेचा स्थिर आकार, तलावाच्या पाण्याची शुद्धि व कर्जाचें व्याज हीं चुकत नाहींत. मामलेदार कचेरींत करमणूक कराचें काम पाहतांना मीं तिकिटांच्या अर्ध्या तुकड्यांचे पुष्कळ गठ्ठे मोजले आहेत. रविवारचा गठ्ठा दोन्ही हातांत मावत नसे, आणि मंगळवारचा खिशांत बसे. मालक मात्र रविवारच्या गठ्ठ्यावरूनच आपल्या धंद्याची किंमत करीत.

एक हिशेब उदाहरणादाखल मांडतों. कोणीं चाळीस लक्ष रुपये दरसाल दरशेंकडा अकरा रुपये व्याजानें काढले आहेत असें धरूं. व्याज वर्षाचें ४,४०,००० रुपये. वर्षांत शनिवार-रविवार मिळून १०४ दिवस. त्यांतून पावसाळ्याच्या चार महिन्यांतील सुमारें ३४ वजा जातां ७० राहतात. बाग याच दिवसांवर चालत असेल तर दर गर्दीच्या दिवशीं ६,२८५ रुपये नुसतें व्याज द्यावयाचें आहे. त्या दिवशीं दीडशें माणसें आलीं तर माणशीं बेचाळीस रुपये व्याजांत गेले. मुद्दल, पगार, वीज व दुरुस्ती पुढेंच आहेत.

कराचेंहि असेंच आहे. १९२३ च्या कायद्यान्वये चालत आलेला करमणूक कर २०१७ सालीं वस्तु व सेवा करांत विलीन झाला. तेव्हां अशा बागांच्या प्रवेशावर शेंकडा २८ कर बसला. २०१८ च्या जानेवारींत तो १८ वर आला. कर धरून तीनशें रुपये तिकीट ठेवलें तर १८ च्या दरानें त्यांतील ४५ रुपये ७६ पैसे सरकारचे होत. ज्याची नोंदणी झाली आहे त्यानें ही रक्कम गल्ल्यांतून त्याच रात्रीं वेगळी काढावी.

मोठ्या भांडवलवाल्यांची गत याहून निराळी नाहीं. मुंबईजवळ गोराईस १९८९ सालीं निघालेलें एस्सेलवर्ल्ड २०२२ सालीं बंद झालें. त्याहून विचार करण्याजोगें उदाहरण खोपोलीजवळच्या इमॅजिकाचें आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गालगतची ही बाग २०१३ सालीं उघडली. पुढील वर्षीं जलक्रीडेची बाग, मागोमाग हॉटेल, नंतर बर्फाची बाग अशी भर पडत गेली. लोक येत होते, पाळणे उत्तम होते, व्यवस्थाहि नीट होती. परंतु कर्ज हजार कोटींच्या वर गेलें होतें, आणि येणाऱ्या माणसाच्या तिकिटाचा मोठा वांटा व्याज खाऊन टाकी. २०१५ सालीं भाग विकून कांहीं कर्ज फेडलें, तरी तें पुरलें नाहीं. २०२० च्या मार्चांत साथीमुळें दारेंच बंद झालीं. अखेर २०२२ सालीं संगमनेरच्या मालपाणी घराण्यानें सुमारें ४१५ कोटी रुपये घालून ती हातीं घेतली, आणि कर्ज देणाऱ्यांनीं आपल्या येण्याचा मोठा भाग सोडून दिला. हें घराणें मूळचें तंबाखू-विडीच्या व्यापारांतील. शिर्डी व लोणावळा येथील जलक्रीडेच्या बागा त्यांनीं आधींपासून चालविल्या होत्या.

त्या वर्षीं कंपनीच्या ताळेबंदांत मोठा नफा दिसला. तो वाचतांना सावध असावें. त्यांतील मोठा भाग सुटलेल्या कर्जाचा होता, तिकिटांचा नव्हता. माझ्या मतें या सर्व प्रकरणांत आपल्यासारख्यांस घेण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, पाळणे तेच, रस्ता तोच, आणि बाग सांवरली ती कर्ज उतरल्यावर. आपल्याकडे याच्या उलट रीत दिसते. उत्पन्न घटलें कीं मालक म्हणतो, नवीन कांहीं आणल्याखेरीज लोक येणार नाहींत. आणि आणखी दहा लक्ष काढतो. नवा पाळणा एक उन्हाळा गर्दी खेंचतो, त्याचा हप्ता सात वर्षें चालतो.

परदेशांतील एक दाखला येथें उपयोगी पडेल. अमेरिकेंतील डिस्ने कंपनीनें १९९२ च्या एप्रिलांत पॅरिसजवळ मोठी बाग उघडली आणि ती लौकरच कर्जांत बुडूं लागली. तेथें बागेंत मद्य मिळत नसे. फ्रेंच माणसास जेवणाबरोबर द्राक्षाची दारू लागते, हें ध्यानांत घेतलेलें नव्हतें. शिवाय तो जेवतो ठरल्या वेळीं, त्यामुळें भर दुपारीं सारे एकदमच उपाहारगृहांवर लोटत. १९९३ सालीं दारूवरील बंदी उठविली, १९९४ सालीं कर्जाची फेरमांडणी झाली, १९९५ सालीं तिकीट बरेंच उतरविलें आणि त्याच वर्षीं पहिला नफा दिसला. दारूचें अनुकरण करा असें अर्थात् मीं सुचवीत नाहीं. परंतु आपल्या बागेंत येणाऱ्या कुटुंबास बारा वाजतां काय खावेंसें वाटतें हें पाहण्यास काय हरकत आहे? शहरांतून आलेल्या माणसास तेथल्याच खानावळींतील पदार्थ आपण दुप्पट दरानें वाढतों, आणि घरची ज्वारीची भाकरी, पिठलें, खर्डा व ताक त्यास मिळत नाहीं. पांचगणीच्या मॅप्रो कंपनीनें आपल्या बागेंत फळांच्या पदार्थांचा केवढा व्यापार उभा केला आहे, तें एकदां जाऊन पाहावें.

शेतकऱ्याच्या हातीं खोपोलीवाल्यांस न लाभलेलें एक साधन आहे, तें म्हणजे पिकांचें वेळापत्रक. पाण्याची बाग चैत्र-वैशाखांत चालते व पुढें ओस पडते. परंतु खटाव, माण, आटपाडी, जत या भागांत पौषाच्या सुमारास हुरडा असतो. तासगांवकडे जानेवारीपासून द्राक्षें उतरतात. सांगलीच्या बाजूस हळद शिजविण्याचा हंगाम असतो, कऱ्हाडकडे गुऱ्हाळें चालतात. शाळांच्या सहली बहुधा नोव्हेंबर ते जानेवारींत निघतात, आणि त्या सोमवार ते शुक्रवार येऊं शकतात. रिकाम्या दिवसांवर याहून चांगला उपाय मला दिसत नाहीं. पत्रक छापण्यापेक्षां शाळांच्या मुख्याध्यापकांस दिवाळीपूर्वीं समक्ष भेटावें, शाळेसाठीं आडवारीं तिकीट निम्में ठेवावें, आणि रविवारचें तिकीट मात्र एक रुपयानेंहि उतरवूं नये. साताऱ्याजवळ कास पठारावर फुलांच्या हंगामांत दिवसाला किती माणसें सोडावयाचीं याची मर्यादा घालून प्रवेश-शुल्क घेतात. प्रवेश न मिळालेलीं कुटुंबें त्या रस्त्यावर असतात. ज्यांची बाग त्या अंगास आहे त्यांनीं याचा विचार करावा.

सहली व गट यांची आगाऊ मागणी नसेल तर सोमवार ते गुरुवार बाग सरळ बंद ठेवावी. यांत कमीपणा नाहीं. पंप बंद राहतो, माणसें शेतावर कामास येतात. दुष्काळी तालुक्यांत तर तलावाचें क्षेत्र कमी करणें हेंच हिताचें; उघडें पाणी उन्हाळ्यांत किती आटतें तें शेततळें असणारास सांगावयास नको. जो पाळणा वर्षांत आपल्या दुरुस्तीचा खर्च काढीत नाहीं तो गंजण्यापूर्वीं फिरत्या पाळणेवाल्यास विकावा व ती रक्कम मुद्दलांत भरावी. तपासणी न झालेला पाळणा मुलांसाठीं एक दिवसहि सुरू ठेवूं नये.

बँकेकडे केव्हां जावें हा शेवटचा मुद्दा. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला कीं खातें अनुत्पादक ठरतें, व मग शाखाधिकाऱ्याच्या हातीं फारसें राहत नाहीं. म्हणून पहिला हप्ता चुकण्याचीं चिन्हें दिसतांच लेखी अर्ज द्यावा. अर्जासोबत मागील दोन वर्षांचें रोजचें तिकीटबुक, वारानुसार गोषवारा व विकावयाच्या वस्तूंची यादी जोडावी, आणि हप्ते समान न ठेवतां हंगामाप्रमाणें, म्हणजे हिवाळा व उन्हाळ्यांत मोठे आणि जून ते सप्टेंबर केवळ व्याजाचे, बांधून मागावे. तोंडी आश्वासनावर विसंबूं नये; अर्जाच्या स्थळप्रतीवर तारीख व शिक्का घ्यावा. बोजाची रक्कम अंशतः फिटून गहाणांतील एखादा गट मोकळा होत असेल, तर बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे फेरफार त्याच आठवड्यांत नोंदवावा.