मांजराची नखे, घरातील आसने आणि सापळा पिकाचे तत्त्व

ग्रामीण घरातील मांजर हे केवळ हौसेखातर पाळलेले जनावर नसते. घरात धान्य असले की उंदीर येणार, आणि उंदरांवर वचक हवा म्हणून मांजर, अशा हिशेबाने ते घरात राहते व त्याला माजघरापासून धान्याच्या कोठारापर्यंत सर्वत्र मुभा असते. या मुभेतूनच तक्रारी उद्भवतात. सोफ्याची कड उसवली जाते, दिवाणावरील गादीत केस व पिसवा शिरतात, बारदानाची पोती फाटून धान्य सांडते. आणि सांडलेले धान्य म्हणजे तांबड्या भुंगेऱ्यांना व उंदरांना निमंत्रणच. मग कोणी काठी उगारतो, कोणी सोफ्यावर मिरचीपूड टाकतो, तर कोणी शेतीसाठी आणलेले व उरलेले कीटकनाशक गादीखाली फवारतो. यांपैकी शेवटचा उपाय मांजराच्या जिवावर बेतू शकतो. मांजराच्या वर्तनाचा प्रश्न कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घेण्याचे मुख्य कारण तेच आहे.

नखे घासणे ही मांजराची खोड नव्हे, ती त्याची शारीरिक गरज आहे. नखावरील जुने, झिजलेले आवरण त्यामुळे गळून पडते व खालचे तीक्ष्ण नख मोकळे होते. पाठीचे व खांद्यांचे स्नायू ताणले जातात. शिवाय पंजांच्या तळव्यांतील व बोटांमधील ग्रंथींतून गंध स्रवतो आणि ओरखड्यांसह तो त्या जागी राहतो. ‘ही जागा माझी’ अशी ती दृश्य आणि गंधयुक्त अशी दुहेरी खूण असते. कामगंध सापळे वापरणाऱ्या शेतकऱ्यांना गंधाची ही भाषा नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. एकदा गंध लागलेल्या जागेकडे मांजर पुन्हा पुन्हा वळते, हेच सोफ्याच्या त्याच कोपऱ्याच्या दुर्दशेचे कारण.

जी गरज आहे ती बंद करता येत नाही. तिला वाट काढून द्यावी लागते. येथे आपल्या परिचयाचे सापळा पिकाचे उदाहरण उपयोगी पडते. टोमॅटोवरील फळे पोखरणाऱ्या अळीसाठी टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ लावण्याची शिफारस आहे. त्यात झेंडूचे रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा वयाने मोठे घेतात, म्हणजे दोहोंचा फुलोरा एकाच वेळी येतो आणि पतंग अंडी घालण्यासाठी झेंडूकडे वळतो. झेंडू शेताच्या भलत्याच कोपऱ्यात किंवा भलत्याच वेळी लावला तर त्याचा उपयोग होत नाही. किडीला मुख्य पिकापेक्षा अधिक आवडेल अशी गोष्ट, तिच्या वाटेवर आणि योग्य वेळी असली पाहिजे.

मांजरासाठी उभा केलेला खुंट नेमका याच कसोटीवर उतरावा लागतो. बाजारात मिळणारे पुष्कळ खुंट वीतभर उंचीचे व डळमळीत असतात. मांजर त्यांना एकदा पंजा लावते व पुन्हा त्यांच्याकडे फिरकत नाही. मागील पायांवर उभे राहून पुढचे पाय पूर्ण ताणता येतील एवढी, म्हणजे सुमारे ७५ ते ९० सेंटिमीटर, उंची हवी. पूर्ण वजन टाकले तरी तो हलता कामा नये. बाभळीचा किंवा कोणत्याही टणक लाकडाचा ओंडका जड फळीवर पक्का ठोकावा आणि त्यावर काथ्याची दोरी घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळावी. मांजर जर पोतीच फाडत असेल तर जुने, कोणतेही औषध न लागलेले बारदान ओंडक्याभोवती शिवून टाकणे अधिक बरे, कारण त्याची पसंती त्याने आधीच सांगितलेली असते. काही मांजरे आडवी पृष्ठे पसंत करतात. पायपुसणे किंवा सतरंजी ओरबाडणाऱ्या मांजराला उभा खुंट देऊन भागणार नाही, त्याला जमिनीवर फळी द्यावी.

खुंटाची जागा हा सर्वांत जास्त चुकणारा भाग. तो अडगळीत ठेवला जातो, कारण तो दिसायला बरा नसतो. वास्तविक तो ओरबाडल्या जाणाऱ्या कोपऱ्यासमोरच, अगदी लागून ठेवावा. झोपेतून उठताच अंग ताणून नखे घासण्याची मांजराची सवय असल्याने दुसरा खुंट त्याच्या झोपण्याच्या जागेजवळ असावा. त्याच काळात सोफ्याच्या कोपऱ्यावर गुळगुळीत प्लॅस्टिक ताणून बसवावे. नख अडकत नाही म्हटल्यावर त्या जागेची गोडी कमी होते. धान्याच्या थप्पीला मात्र प्लॅस्टिक गुंडाळू नये, आत दमटपणा कोंडून बुरशी येते. थप्पीच्या कोपऱ्याला पातळ फळी टेकविली तरी काम भागते. काही आठवडे खुंटाचा नियमित वापर दिसल्यानंतरच तो रोज थोडाथोडा सरकवीत सोयीच्या जागी न्यावा. दोरी फाटून लोंबू लागली म्हणून ओंडका फेकून देण्याची घाई नको. त्यावरचे ओरखडे आणि गंध हीच मांजराच्या लेखी त्याची किंमत असते.

शिकविण्याविषयी दोन शब्द. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मांजरांवरच केलेले होते. भुकेले मांजर पेटीत कोंडून खाद्य बाहेर ठेवले जाई. दोरी ओढली किंवा कळ दाबली तर दार उघडे. सुरुवातीला मांजर सैरभैर होऊन सर्वत्र नखे मारी आणि योगायोगाने दार उघडे. मात्र पुढील प्रत्येक खेपेस निरर्थक धडपड कमी होत गेली व सुटकेचा वेळ हळूहळू घटत गेला. ज्या कृतीपाठोपाठ लाभ होतो ती कृती पक्की होते, हा त्यांचा निष्कर्ष. यातील ‘पाठोपाठ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मांजराने खुंटाला पंजा लावताक्षणी, दोन-तीन सेकंदांत, उकडलेल्या मासळीचा किंवा कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा त्याला मिळाला पाहिजे. बशीभर दूध हे बक्षीस नव्हे. पुष्कळ प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही. मांजराचे पंजे धरून खुंटावर घासून दाखविण्याचा प्रकारही सर्रास आढळतो. त्याने मांजर खुंटालाच बिचकते.

शिक्षेचे म्हणाल तर, तासाभरापूर्वी फाडलेल्या गादीचा आणि आता बसलेल्या फटक्याचा संबंध मांजराला लागत नाही. रंगेहाथ पकडून मारले तर ते एवढेच शिकते की हा माणूस जवळ असताना नखे घासू नयेत. माणूस शेतावर गेला की दिवाण त्याचाच असतो. पुढील पायांच्या नखांची टोके दोन-तीन आठवड्यांनी कापावीत, नखातील गुलाबी भागाला कात्री लागू देऊ नये. शस्त्रक्रियेने नखे कायमची काढणे म्हणजे प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड छाटणे होय. त्याचा विचारही करू नये.

आता झोपेकडे वळू. प्रौढ मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपते आणि त्याला आपल्यापेक्षा बरीच अधिक ऊब लागते. उंच, उबदार, घरातल्यांचा वास असलेली व चोहोकडे नजर ठेवता येणारी जागा ते निवडते. गादी, खुर्ची आणि पोत्यांची थप्पी या सर्व कसोट्यांवर उतरतात. म्हणून जमिनीवर, दाराच्या वाऱ्यात ठेवलेली टोपली ते नाकारते. तीच टोपली भिंतीलगतच्या फळीवर किंवा मेजावर, सकाळचे ऊन येते तेथे ठेवून आत घरातल्याच जुन्या लुगड्याची घडी घातली तर बहुधा स्वीकारली जाते. दिवाणावर चढलेल्या मांजराला न रागावता उचलून टोपलीत ठेवावे, तेथे ते स्वतःहून बसले की तुकडा द्यावा. घरातील सर्वांनी हा नियम सारखाच पाळला पाहिजे. आजी रात्री पायाशी घेते आणि सून सकाळी हाकलते, अशा घरात मांजर काहीच शिकत नाही.

झोपण्याची जागा एकच व ठरलेली असण्याचा खरा लाभ मात्र पिसवांच्या नियंत्रणात आहे. मांजरावरील पिसवेची, म्हणजे टेनोसेफॅलिडिस फेलिस या जातीची, मादी दिवसाला २० ते ५० अंडी घालते. ही अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटून राहत नाहीत. मांजर जेथे लोळते तेथे ती घरंगळून पडतात. अळ्या उजेड टाळून गादीच्या शिवणीत, फरशीच्या फटीत उतरतात आणि प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर जगतात. पुढे त्या रेशमी कोष विणतात. धूळ चिकटल्याने तो ओळखूही येत नाही, आणि त्यात पिसू काही महिने दबा धरून राहू शकते. सुट्टीत बंद असलेले घर उघडताच पिसवा अंगावर उड्या घेतात त्याचे कारण हेच: पावलांची कंपने, ऊब आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड मिळताच त्या कोषातून बाहेर पडतात. अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या सुमारे ५ टक्केच. उरलेल्या अंडी, अळी व कोष या अवस्थांत बिछान्यात व जमिनीवर असतात.

मांजर पाच ठिकाणी झोपत असेल तर पाचही ठिकाणी ही रोपवाटिका तयार होते. एकाच टोपलीत झोपले तर बहुतेक अंडी त्या एका टोपलीत जमतात व सहज नष्ट करता येतात. परंतु सापळा पिकावरील अळ्या वेचल्या नाहीत तर तेच पीक किडीचे आगर होते, हेही येथे तितकेच खरे. दर आठवड्याला टोपलीतील कापड कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात खडखडीत वाळवावे. कापडाच्या दोन घड्या ठेवून आलटून पालटून धुतल्यास एकीत मांजराचा गंध टिकतो व ते जागा सोडत नाही. कोरडी, तापलेली हवा अंडी व अळ्यांना मारक असते. म्हणून पावसाळ्यात आणि किनारपट्टीच्या दमट प्रदेशांत ही धुलाई विशेष काटेकोर हवी. मांजराच्या अंगावरील पिसवांसाठी पशुवैद्यकाने दिलेले, मांजरासाठीच असलेले औषध वापरावे.

कुत्र्यासाठीचे औषध मांजराला कदापि लावू नये. त्यांपैकी काहींत परमेथ्रिन असते. काही विशिष्ट द्रव्ये निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकणारी यकृतातील प्रक्रिया मांजरात फार दुबळी आहे. परमेथ्रिन कुत्र्याला सोसते, पण मांजराला त्याच मात्रेत मारक ठरू शकते. (पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.) पोत्यांच्या बाह्य पृष्ठावर व कोठाराच्या भिंतींवर फवारले जाणारे डेल्टामेथ्रिन याच पायरेथ्रॉइड गटातील आहे. फवारणीनंतर पृष्ठभाग पूर्ण वाळेपर्यंत मांजराला कोठारात सोडू नये आणि फवारलेल्या थप्पीवर त्याला झोपू देऊ नये. मांजर अंग चाटून स्वच्छ करते, त्यामुळे पंजाला लागलेले सर्व काही पोटात जाते. फिनाइल, डांबरगोळ्या व मिरचीपूड हे घरगुती ‘उपाय’ त्याच कारणाने वर्ज्य होत.

लाळ गळणे, कान व कातडी थरथरणे, तोल जाणे, झटके येणे ही विषबाधेची लक्षणे होत. अशा वेळी घरगुती उतारे करीत न बसता मांजराला तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे आणि कीटकनाशकाचे पाकीट किंवा बाटली सोबत न्यावी. सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषावर अॅट्रोपिन उपयोगी पडते. पायरेथ्रॉइडवर असा नेमका उतारा नाही, तेथे झटके थांबवून जीव तगविणे एवढेच हाती असते. कोणत्या मार्गाने जायचे हे पशुवैद्यकाला पाकिटावरील घटकाच्या नावावरून कळते.