फुकटचे जवस आणि तासाचे मोल
(एका संगणकीय खेळातील अर्थशास्त्र)

'संधीखर्च' हा शब्द अर्थशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणांत भेटतो. एखादी गोष्ट करण्यासाठी हातची दुसरी कोणती सर्वोत्तम संधी सोडावी लागली, तिचे मोल म्हणजे संधीखर्च. परीक्षेत ही व्याख्या लिहून आपण गुण मिळवतो. पण तिचा उपयोग कोठे करायचा, हा प्रश्न मनात येत नाही. प्रस्तुत लेखात तो उपयोग एका खेळाच्या साहाय्याने दाखवावयाचा आहे.

इंग्लंडमधील गॉवर बंधूंनी 2001 साली 'रूनस्केप' हा खेळ सुरू केला. ब्राउझर उघडून तो खेळता येत असे. 2013 साली त्याची जुनी आवृत्ती 'ओल्ड स्कूल रूनस्केप' या नावाने वेगळी निघाली; ती आता स्वतंत्र प्रोग्रॅमवर आणि 2018 पासून मोबाइलवरही चालते. या खेळात माणसे लाकूड तोडतात, खाणी खणतात, मासे धरतात आणि 'ग्रँड एक्स्चेंज' नावाच्या बाजारात माल विकतात. घेणारे आणि विकणारे दोघेही खेळाडूच असल्याने भाव मागणी-पुरवठ्याने ठरतो. डिसेंबर 2021 पासून तेथे विक्रीवर करही आहे. 'सर्वांत फायद्याचा धंदा कोणता?' हा तेथील नित्याचा प्रश्न. तो कसा सोडवावा ते पाहू. खाली दिलेले भाव केवळ गणितासाठी धरलेले आहेत.

1. नगावर नव्हे, तासावर हिशेब

जवसाची ताटे चरख्यावर पिळून धनुष्याची दोरी करता येते. खेळाडूच्या झोळीत 28 नग मावतात. एक दोरी पिळण्यास 1.8 सेकंद, म्हणजे 28 दोऱ्यांना सुमारे 50 सेकंद लागतात. पेढीपर्यंत जाऊन माल बदलून परत येण्यास 30 सेकंद धरू. एक फेरी 80 सेकंदांची झाली. तासाला 45 फेऱ्या, म्हणजे 1260 दोऱ्या.

जवस 10 नाण्यांना विकत मिळते आणि कर वजा जाता दोरीचे 70 नाणी हाती येतात, असे समजा. नगामागे नफा 60. तासाला 75,600 नाणी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 30 सेकंदांची ये-जा 10 सेकंदांवर आणली, तर तासाला 60 फेऱ्या होऊन नफा 1,00,800 वर जातो. भाव तोच, मेहनत तीच. वाढ झाली ती केवळ वाचलेल्या वेळामुळे.

2. फुकटचा माल फुकट नसतो

नवखा खेळाडू म्हणतो, "जवस विकत कशाला घ्यायचे? शेतात फुकट तोडता येते. मग 70 च्या 70 नाणी नफाच!" हे म्हणणे तपासून पाहू. 1260 ताटे तोडण्यास एक तास आणि पिळण्यास एक तास लागतो असे धरा. दोन तासांत 88,200 नाणी मिळाली, म्हणजे तासाला 44,100. विकत घेऊन पिळणाऱ्याला मात्र तासाला 75,600 मिळतात!

याचे कारण उघड आहे. तोडलेले जवस बाजारात विकले असते, तर त्या तासाची कमाई अवघी 12,600 झाली असती. तोडण्याचा तास हा 12,600 चा धंदा आहे आणि पिळण्याचा तास 75,600 चा. दोन्ही एकत्र बांधले की पहिला दुसऱ्याला खाली ओढतो. म्हणून प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा मांडावा आणि घरच्या मालालाही बाजारभाव लावावा. शेतकऱ्याच्या घरच्या मजुरीचा हिशेब करताना हाच नियम लागू पडतो.

3. भावाचा तळ

'हाय अल्केमी' नावाचा एक मंत्र आहे. तो वस्तू नाहीशी करतो आणि त्या बदल्यात ठरलेली नाणी देतो. यू लाकडाच्या मोठ्या धनुष्याची 768 नाणी मिळतात. दर वेळी एक 'नेचर रून' खर्ची पडतो. एका मंत्रास 3 सेकंद, म्हणून तासाला 1200 मंत्र. धनुष्य 600 ला आणि रून 110 ला मिळाला, तर नगामागे 58 आणि तासाला 69,600 नाणी सुटतात.

धनुष्य आणखी स्वस्त झाले की मंत्र घालणारे ते विकत घेऊ लागतात आणि भाव पुन्हा वर चढतो. एका अर्थी हा हमीभावच झाला. मात्र ही नाणी कोणा दुसऱ्याच्या खिशातून येत नाहीत, ती नव्याने निर्माण होतात. चलनवाढीचे बीज येथेच आहे.

दुसरे बंधन खरेदीच्या मर्यादेचे. एका वस्तूचे ठराविकच नग चार तासांत विकत घेता येतात. नगामागे 500 नफा असला, पण मर्यादा 100 नगांची असली, तर चार तासांत 50,000 च मिळणार.

4. गर्दी आणि धोका

दोरीचा धंदा चांगला आहे हे सर्वांना कळले की काय होते? सगळेच दोऱ्या पिळू लागतात. जवस 15 वर चढते, दोरी 40 वर उतरते आणि नफा तासाला 31,500 वर येतो. कांद्याला भाव आला म्हणून सर्वांनीच कांदा लावावा, तशातला हा प्रकार. जेथे फारसे कौशल्य लागत नाही तेथे नफा फार दिवस टिकत नाही.

तो टिकतो तेथे बहुधा धोका असतो. हिरवे ड्रॅगन मारले की हाडे आणि कातडे हमखास मिळते. पण त्यांच्या रानात इतर खेळाडू आपल्याला मारून लुटू शकतात. एका फेरीचा नफा 60,000, मेल्यास नुकसान 40,000 आणि पाचांत एकदा मरण असे धरले, तर फेरीमागे सरासरी 40,000 च पडतात.

5. तासाचे मोल सर्वांना सारखे नसते

2017 च्या सुमारास व्हेनेझुएलात भयंकर चलनवाढ झाली आणि महिन्याच्या पगाराचे डॉलरमधील मोल अगदी थोडे उरले. तेथील अनेकांनी हेच हिरवे ड्रॅगन दिवसभर मारून खेळातील नाणी बाहेर डॉलरमध्ये विकण्यास सुरुवात केली. खेळाच्या नियमांप्रमाणे हा व्यवहार निषिद्ध आहे. पकडले गेल्यास खाते बंद होते. त्यांना हेरून मारणारे खेळाडूही निघाले. मारणाऱ्याची करमणूक होत होती. मरणाऱ्याचा कदाचित त्या दिवसाचा शिधा जात होता.

एकच काम, एकच ताशी नफा. पण सुखवस्तू मुलाला तो वेळेचा अपव्यय आणि कराकसमधील तरुणाला मिळणाऱ्या नोकरीहून बरा. कारण प्रत्येकाने सोडलेली संधी वेगळी होती. सर्वांत फायद्याचा धंदा कोणता, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच नुसत्या भावांच्या तक्त्यात सापडत नाही. 'कोणासाठी?' हे आधी विचारावे लागते.