ट्रॉलीचा विमा : ट्रॅक्टरमालकाने जाणून घ्यावयाच्या गोष्टी

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतमालाची वाहतूक एके काळी बैलबंडीवर चालत असे. आज ती बहुतांशी ट्रॅक्टर व त्यामागे जोडलेल्या ट्रॉलीवर चालते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन, त्यापाठोपाठ कापूस आणि पुढे तूर असा माल घेऊन अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर येथील बाजार समित्यांकडे व जिनिंग कारखान्यांकडे ट्रॉल्यांची रीघ लागते. वरूड-मोर्शी भागात संत्र्यांच्या हंगामात हेच दृश्य दिसते. ट्रॅक्टरचे विमापत्र शेतकरी जपून ठेवतो. पण त्या विमापत्रात ट्रॉलीचा उल्लेख आहे किंवा नाही, हे क्वचितच पाहिले जाते. अपघात घडल्यावर मात्र नेमका हाच प्रश्न पहिल्याने विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावर कधी कधी साऱ्या कुटुंबाची शेतजमीन अवलंबून असते.

कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली

ट्रॉली हे ट्रॅक्टरचे एखादे अवजार आहे, असा सर्वसाधारण समज आहे. नांगर किंवा वखर यांच्याप्रमाणेच तीही मागे जोडली जाते, म्हणून हा समज रुजला असावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ची भूमिका वेगळी आहे. या अधिनियमाच्या व्याख्येनुसार ट्रॅक्टर हे स्वतः भार वाहून नेण्यासाठी बांधलेले वाहन नव्हे. भार वाहते ती ट्रॉली, म्हणजे कायद्याच्या भाषेत ट्रेलर. आणि ‘मोटार वाहन’ या संज्ञेत ट्रेलरचा स्पष्ट समावेश केलेला आहे. इंजिन नसले तरी ट्रॉली हे कायद्याने स्वतंत्र वाहन ठरते.

यातून दोन कर्तव्ये निर्माण होतात. पहिले नोंदणीचे. ट्रॉलीला तिचा स्वतःचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो व तो तिच्या बाजूवर लिहावा लागतो. शिवाय ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांकही ट्रॉलीवर दिसला पाहिजे. दुसरे कर्तव्य विम्याचे. सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या मोटार वाहनाचा त्रयस्थ पक्ष विमा कलम १४६ अन्वये सक्तीचा आहे. ही सक्ती नवी नाही. १९३९ च्या जुन्या मोटार वाहन अधिनियमातील तरतुदींनुसार ती १९४६ पासून देशात लागू आहे. विम्याविना वाहन चालविल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या अपराधास ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच अपराध केल्यास दंड ४,००० रुपये अशी शिक्षा आहे.

उणीव कोठे राहते?

ट्रॅक्टर बहुधा बँकेच्या कर्जातून घेतला जातो. तारण सुरक्षित राहावे म्हणून बँक विम्याचा आग्रह धरते व विक्रेताही तो उतरवून देतो. ट्रॉली मात्र अनेकदा नंतर, गावाजवळच्या वर्कशॉपमध्ये रोखीने बनवून घेतली जाते. तेथे कर्ज नाही, म्हणून कागदांची विचारणाही नाही. परिणामी एकाच जोडीतील पुढचे वाहन विम्याच्या कक्षेत आणि मागचे बाहेर राहते.

यावर उपाय सोपा आहे. ट्रॉलीची नोंदणी करून घ्यावी आणि तिचा क्रमांक विमा कंपनीस कळवून जादा हप्ता भरावा. कंपनी ट्रॉलीचा समावेश ट्रॅक्टरच्या विमापत्रात पुरवणी नोंदीने करते किंवा स्वतंत्र विमापत्र देते. हप्ता भरल्याची पावती पुरेशी नव्हे. विमापत्रावर ट्रॉलीचा क्रमांक प्रत्यक्ष छापून आला आहे, याची खात्री करावी. ट्रॉल्या दोन असतील तर दोन्हींची नोंद हवी.

विमा कोणत्या गोष्टींचा, हेही समजून घेतले पाहिजे. त्रयस्थ पक्ष विम्यातून रस्त्यावरील इतरांच्या मृत्यूची, दुखापतीची व मालमत्तेच्या हानीची भरपाई होते. ट्रॉली उलटून मोडली किंवा चोरीस गेली, तर तिची किंमत मिळण्यासाठी सर्वंकष विमा लागतो. आणि ट्रॉलीतील कापूस विजेच्या तारेच्या ठिणगीने पेटला, तर वाहनाच्या विम्यातून कापसाची भरपाई होत नाही. मालाचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

वापराची मर्यादा

प्रत्येक विमापत्रात वाहनाच्या वापराची मर्यादा लिहिलेली असते. शेतीकामासाठी विमा उतरवलेला ट्रॅक्टर उन्हाळ्यात भाड्याने माती, मुरूम किंवा विटा वाहू लागला, तर ही मर्यादा ओलांडली जाते. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेले एक प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यातील ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी होता. प्रत्यक्षात वीटभट्टीसाठी माती नेली जात होती आणि जखमी झालेला मजूर ट्रॉलीवर बसलेला होता. विमा कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने ठरविले. जखमी मजुराची परिस्थिती ध्यानात घेऊन कंपनीने त्यास रक्कम द्यावी आणि ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात दिला. मजुरास भरपाई मिळाली. परंतु अखेरचा भार मालकावरच आला.

ट्रॉलीत बसणारी माणसे

कापूस वेचणीच्या मजुरांना, ज्यांत स्त्रियाच अधिक असतात, शेतावर नेण्यासाठी ट्रॉली वापरली जाते. बहिरमच्या यात्रेला जाणारी मंडळी तीत बसतात आणि लग्नसराईत वऱ्हाडही तीतूनच जाते. ट्रॉली ही माल वाहण्यासाठी आहे. माणसे नेण्यासाठी नव्हे. मालवाहू वाहनातून विनामूल्य जाणाऱ्या प्रवाशांना सक्तीच्या विम्याचे संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच स्पष्ट केले आहे. म्हणजे ट्रॉलीचा विमा रीतसर उतरवला असला, तरी तीत बसवलेल्या वऱ्हाडी मंडळींना त्याचा आधार मिळेलच असे नाही. अशा अपघातात भरपाईची रक्कम लाखांत जाऊ शकते व ती मालकास स्वतः द्यावी लागू शकते. यावर विम्याचा उपाय नाही. माणसे ट्रॉलीत न बसवणे हाच उपाय आहे.

रस्ता मोठा, जोखीमही मोठी

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटर डांबरी थर सुमारे १०५ तासांत टाकण्याचा विक्रम झाला. रस्ता सुधारला, तशी वाहनांची गतीही वाढली. या गतीच्या वाहतुकीत संथ चालणारी, मागे दिवा नसलेली ट्रॉली रात्री अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ट्रॉलीच्या मागील बाजूस लाल परावर्तक पट्ट्या व चालू स्थितीतील दिवे असावेत, कापसाचा भार बाजूंनी बाहेर येऊ देऊ नये आणि चालकाजवळ वैध अनुज्ञप्ती असावी. ही दक्षता जीव वाचवते, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीस दावा नाकारण्याचे कारणही उरू देत नाही.

अपघात घडल्यास

जखमींना प्रथम रुग्णालयात पोहोचवावे. पोलीस ठाण्यास व विमा कंपनीस तत्काळ कळवावे आणि ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंचे क्रमांक पंचनाम्यात नोंदले गेले आहेत, हे पाहावे. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे. म्हणून विलंब करू नये.

गावपातळीवर करता येण्यासारखे

हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल. गावातील ट्रॉल्यांची यादी करून नोंदणी व विमा नसलेल्या मालकांना ग्रामपंचायत सदस्यांनी समजावून सांगावे. विमापत्रे पुष्कळदा इंग्रजीत असतात. शिक्षकांनी त्यातील वाहन क्रमांक, मुदत व वापराची मर्यादा या तीन गोष्टी वाचून दाखवल्या, तरी मोठे काम होईल. बाजार समित्यांच्या आवारात माल उतरेपर्यंत ट्रॉल्या थांबतात, तेव्हा परावर्तक पट्ट्या लावण्याचे काम तेथेच उरकता येईल. ट्रॅक्टरच्या विमापत्राची मुदत संपून ते नव्याने घेतले जाते, तो दिवस ट्रॉलीची नोंद त्यात करून घेण्यास सर्वांत सोयीचा. तोवर ट्रॉली विम्याविना रस्त्यावर आणू नये.