पुन्हा धारेवर या

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६



मन चंचल आहे, ते भटकणारच. हे भगवंतांनी इथे गृहीतच धरलंय. ते जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणायचं आणि आत्म्याच्या ठायी लावायचं, एवढंच ते सांगतात. आधीच्याच श्लोकात ‘हळूहळू’ असंही म्हटलंय.

हा श्लोक मला कळसूबाईवर उमगला. पौषातली थंडी. शिड्यांची नेहमीची वाट सोडून आम्ही गावातल्या एका मामांबरोबर बाजूच्या सोंडेने चढत होतो. तिथे मळलेली वाट नाही. कारवीतून ढोरवाटा फुटतात. चालायला सोप्या, पण त्या चाऱ्याकडे जातात, देवीकडे नाही. वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो, खाली खोल घळ. त्यात दिवस लहान, सहा वाजता अंधारतं. कुणी आडवं वळलं की मामा शांतपणे म्हणायचे, “धारेवर या.” रागावणं नाही, घाई नाही. असं करत करतच आम्ही १६४६ मीटरवरच्या देवळाशी पोचलो.

जपाला बसलं की फोन वाजतो, ऑफिस आठवतं. ते भटकणं नडत नाही. “मला जमतच नाही” म्हणून उठून जाणं नडतं. परत येणं हाच अभ्यास!

आज करून पाहा : दहा मिनिटं नाम घ्या. मन पळालं की स्वतःला मामांसारखंच सांगा, “धारेवर या.”