प्रकाशाच्या साहाय्याने सूक्ष्मतरंगांचे विवर्धन

तांब्याच्या केबलमधून दूर नेलेला सूक्ष्मतरंग संदेश लवकर क्षीण होतो. याउलट १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची काचतंतूतील एक किलोमीटर प्रवासात जेमतेम साडेचार टक्के शक्ती खर्ची पडते. म्हणून संदेश प्रकाशावर आरूढ करून पाठविण्याची पद्धत रूढ झाली. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संदेश अशाच काचतंतूंवाटे मध्यवर्ती केंद्राकडे येतात. परंतु विजेचा प्रकाश व प्रकाशाची पुन्हा वीज करताना संदेशाची शक्ती बहुधा घटते. ही घट भरून काढून, इलेक्ट्रॉनीय विवर्धकाविना, उलट वाढ मिळविता येईल काय?

याचे उत्तर होकारार्थी आहे. अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेच्या चार्ल्स कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये यासंबंधीचे गणित व प्रयोग प्रसिद्ध केले.

या योजनेचे मुख्य घटक तीन : स्थिर प्रकाश देणारा लेसर, विरूपक म्हणजेच मॉड्युलेटर आणि प्रकाश अभिज्ञातक म्हणजेच फोटोडिटेक्टर. लिथियम नायोबेट स्फटिकाच्या विरूपकात प्रकाश दोन वाटांनी विभागला जातो. संदेशाच्या विद्युत् दाबाने स्फटिकाचा प्रणमनांक बदलतो व दोन्ही वाटांच्या प्रकाशांच्या कलांत फरक पडतो. ते पुन्हा एकत्र आले की व्यतिकरणामुळे प्रकाशाची तीव्रता संदेशाबरहुकूम कमीजास्त होते. अभिज्ञातक त्या तीव्रतेच्या प्रमाणात विद्युत् प्रवाह देतो.

प्रकाश पूर्ण तेजापासून पूर्ण अंधारापर्यंत नेण्यास लागणाऱ्या दाबास अर्धतरंग दाब म्हणतात. तो ५ व्होल्ट, अभिज्ञातकातील सरासरी प्रवाह २० मिलिअँपिअर आणि दोन्ही टोकांचा रोध ५० ओहम मानू. विरूपक मध्यबिंदूवर ठेवला असता १ मिलिव्होल्ट संदेशापासून सुमारे ०.६३ मिलिव्होल्ट मिळतो, म्हणजे तोटाच. मात्र अर्धतरंग दाब १ व्होल्टवर आणल्यास ३.१४ मिलिव्होल्ट मिळतो व संदेशाची शक्ती जवळजवळ दहापट होते. प्रकाश दुप्पट केला किंवा अर्धतरंग दाब निम्मा केला, तर शक्ती चौपट होते.

ही वाढीव शक्ती शून्यातून येत नाही. ती लेसरचा प्रकाश आणि अभिज्ञातकास जोडलेला विद्युत् पुरवठा यांतून येते. पाटाच्या दारावर हलकासा हात ठेवून मोठा प्रवाह आवरावा, तसे येथे संदेशाचे काम केवळ नियंत्रणाचे असते. ट्रान्झिस्टरचे तत्त्वही हेच होय.

तथापि शक्ती वाढली म्हणजे संदेश सुधारला, असे नव्हे. प्रकाशकणांच्या अनियमित आगमनामुळे होणारा गोंगाट प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो, तर संदेशाची शक्ती प्रकाशाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून प्रखर प्रकाश हितावह ठरतो. लेसरचा स्वतःचा गोंगाट मात्र संदेशाइतक्याच वेगाने वाढतो. त्यावर उपाय म्हणून विरूपकाची दोन परस्परविरुद्ध निर्गमे दोन अभिज्ञातकांवर घेऊन त्यांच्या प्रवाहांची वजाबाकी करतात; त्यामुळे समाईक गोंगाट बव्हंशी नष्ट होतो व संदेशांची बेरीज होते.

मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. अतिप्रखर प्रकाशात अभिज्ञातक संपृक्त होतो. मोठ्या संदेशाचा आकार बिघडतो. आणि कंप्रता वाढेल तसा विरूपकाचा अर्धतरंग दाबही वाढतो. म्हणून अल्प दाबाचा विरूपक, शांत लेसर व अधिक प्रवाह सोसणारा अभिज्ञातक या तिहींचा मेळ बसला, तरच हे विवर्धन उपयुक्त ठरते.