नत्राचा हात आवरा: फुलोऱ्याकडे निघालेल्या द्राक्षबागा आणि डाऊनी

गोडी छाटणी आटोपून बागा पोंग्यातून फुलोऱ्याकडे निघालेल्या असताना परतीच्या पावसाने यंदा जो मुक्काम ठोकला आहे, त्याने निफाड-दिंडोरीपासून तासगावपर्यंतचे बागायतदार धास्तावले आहेत, आणि ती धास्ती गैरवाजवीही नाही. परंतु आमच्याकडे येणाऱ्या पृच्छांचा रोख पाहावा तर तो डाऊनीपेक्षा 'फुलोऱ्याचे खत कोणत्या दिवशी सुरू करावे' या एकाच प्रश्नाकडे अधिक असतो. हे दोन विषय परस्परांपासून निराळे आहेत, ही समजूतच यंदा बागांना भोवणार आहे.

प्रथम खताचा खुलासा करू. ऑक्टोबरात डोळा फुटून जो घड बाहेर डोकावतो, तो ऑक्टोबरात तयार झालेला नसतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारणतः 40 ते 60 दिवसांच्या अवधीत, ऐन उन्हाळ्यात, काडीवरील डोळ्याच्या गर्भात तो घडून बसलेला असतो. घडासाठी स्फुरदाचा खरा मान त्या वेळी होता. त्या वेळी ज्याने हयगय केली, त्याने आता 0:52:34 च्या गोण्या ठिबकातून रित्या केल्या तरी नसलेला घड उगवणार नाही. फुलोऱ्यासाठी व मणी धरण्यासाठी आज स्फुरद लागते हे खरे, पण आज ज्याचा निर्णय करावयाचा आहे ती गोष्ट कोणते खत घालावे ही नसून कोणते थांबवावे ही आहे. आणि थांबवावयाचे ते नत्र.

केव्हा, याचे उत्तर दिनदर्शिकेत शोधू नये. छाटणीनंतर पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत फुलोरा येतो हा शिरस्ता थंडीने, ढगाळ हवेने आणि वाणाने सहज मागेपुढे होतो. म्हणून बागेत जाऊन शेंडा पाहावा. शेंडा वाकडा, लुसलुशीत, आणि त्याच्या बाजूच्या बाळ्या शेंड्यालाही मागे टाकून पुढे धावत असतील, दोन पेऱ्यांतील अंतर लांबत चालले असेल, तर वेलीला नत्र आणि पाणी दोन्ही गरजेपेक्षा अधिक मिळत आहे. घड पूर्ण बाहेर पडून सहा-सात पाने झाली असोत वा नसोत, त्याच दिवशी नत्र बंद करावे व पाणी आखडते घ्यावे. उलट शेंडा मंदावलेला, पान फिकट, अशी बाग असेल तर तिला अजून थोडे नत्र द्यावयास हरकत नाही. डॉगरिज खुंटावरील बागांनी विशेष सावध असावे; त्या खुंटाचा जोर मुळातच दांडगा असतो. अशा जोराच्या बागेत घड जिरतात, त्यांची गोळी होते, कित्येकांची चक्क बाळी होते, आणि मग बागायतदार दुकानात जाऊन 'घड टिकवण्याची' बाटली मागतो.

आता डाऊनी. या बुरशीचे बीजाणू रात्रीच्या अंधारात, हवा ओलाव्याने जवळजवळ तुडुंब भरलेली असताना पानाच्या खालच्या अंगाला तयार होतात. पानावर किंवा घडावर पाण्याचा थर टिकला, की त्यांतून पोहणारे सूक्ष्म जीव निघून पर्णरंध्रांतून आत शिरतात, आणि चार ते सात दिवसांत वरच्या अंगाला तेलकट डाग दिसू लागतात. म्हणजे पान वा घड किती वेळ ओला राहिला, यावर सर्व अवलंबून आहे. नत्राने माजलेल्या बागेत फेलफुटींची गर्दी होते, आत वारा शिरत नाही, सकाळचे दव दुपारपर्यंत सुकत नाही, आणि फवारणीचा थेंब पानांच्या छतावरच अडून घडापर्यंत पोहोचत नाही. घड वाकडा होऊन तपकिरी पडला म्हणजे त्या घडाचा हिशेब मिटला. त्यावर कोणतेही औषध चालत नाही.

2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस आला, तेव्हाचा एक दाखला अद्याप डोळ्यांपुढे आहे. निफाड तालुक्यात एका बांधाला लागून दोन बागा होत्या, दोन्ही थॉमसनच्या, छाटणी एकाच आठवड्यातली, औषधेही एकाच दुकानातली. एकीचा धनी फुलोऱ्यापर्यंत 19:19:19 सोडीत राहिला होता, कारण 'सर्व काही असलेले खत' अशी त्याची श्रद्धा. दुसऱ्याने नत्र आधीच तोडले होते आणि फेलफुटी काढून बाग मोकळी ठेविली होती. वादळानंतर पहिल्या बागेत मांडवाखाली वाकून पाहिले तर ओळीच्या ओळी वाळक्या घडांच्या लोंबत होत्या. दुसऱ्या बागेतही नुकसान झाले, पण तिची तोडणी झाली. औषध तेच असताना हा फरक कशाने पडला, हे त्या पहिल्या गृहस्थास समजावून सांगणे अखेरपर्यंत साधले नाही. त्याचा राग दुकानदारावरच राहिला.

खतांच्या गोण्यांवरील आकडे वाचण्याची तसदी घेतली तर पुष्कळसे अनर्थ टळतील. पालाश हवे म्हणून 13:0:45 सोडणारा गृहस्थ शंभर किलोमागे तेरा किलो नत्रही सोडीत असतो. नत्र बंद करावयाचे असेल तर 0:0:50 वापरावे. 12:61:00 चीही गोष्ट तीच. विहिरीच्या पाण्यात स्वतःचे नायट्रेट असू शकते, ते हिशेबात धरावे. कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदयुक्त खत एकाच टाकीत ओतणाऱ्यांस तर काय म्हणावे? टाकीच्या तळाशी पांढरा साका बसतो, तोच पुढे ड्रीपरमध्ये दडतो, आणि उन्हाळ्यात अर्धी ओळ तहानेली का, याचा शोध सुरू होतो. फुलोऱ्यापूर्वी बोरॉन व जस्ताची फवारणी मात्र मणी धरण्यास उपयोगी असते, ती चुकवू नये.

नत्राने बाग माजवावी आणि मग ती संजीवकाने दाबावी, हा दुहेरी खर्चाचा व्यवहार कित्येकांच्या अंगवळणी पडला आहे. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर नाकारले गेले ते क्लोरमेक्वॅट क्लोराईडच्या, म्हणजे बागेत ज्यास सीसीसी म्हणतात त्याच्या, अवशेषांमुळे. एवढा धडा पुरेसा असावयास हवा होता. दुसरा घोटाळा फॉस्फोनिक आम्लाच्या पालाशयुक्त क्षारांचा. ते डाऊनीवरचे औषध आहे, स्फुरदाचे अन्न नव्हे. त्याने स्फुरदाची उणीव भरत नाही, 0:52:34 ने डाऊनी हटत नाही, आणि या क्षारांचे अवशेष निर्यातीच्या तपासणीत मोजले जातात.

घरगुती उपायांची यादी दरवर्षी वाढते: ताक, अंडी, गूळ-बेसन, हल्ली तर देशी दारू. गावठी म्हणून कोणताही उपाय हिणवू नये, हे मलाही मान्य आहे. फ्रान्समधील मेडॉक प्रांतात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत, त्या वेली डाऊनीतून वाचलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देने पाहिल्या, आणि 1885 साली बोर्डो मिश्रण जगापुढे आले. पण मिलार्देने पडताळा घेतला होता. आपल्या ताकावर ज्याचा भरवसा असेल, त्याने शेजारची एक ओळ ताकाविना ठेवून दाखवावी. तशी ओळ ठेवलेली बाग अद्याप कोणी दाखविलेली नाही. बोर्डोदेखील फुलोऱ्यात व कोवळ्या फुटीवर मारू नये, तांब्याने फुले जळतात.

पाऊस उघडताच पहिले काम फेलफुटी काढण्याचे, फवारणीचे नव्हे. संरक्षक फवारणी पाऊस येण्यापूर्वी झालेली असावी. संशयास्पद पान आढळल्यास ते ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत रात्रभर अंधारात ठेवावे. सकाळी खालच्या अंगाला पांढरी लव उगवली तर डाऊनी, न उगवली तर उगाच औषध ओतू नये. निर्यातदारांनी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीबाहेरचे औषध बागेत आणू नये व काढणीपूर्व मुदत मोडू नये.

मणी धरून ते वाढीस लागले म्हणजे त्यांवरील डाऊनीचे भय उतरत जाते, देठांवरील मात्र रेंगाळते. नत्र पुन्हा सुरू करावयाचे ते त्यानंतर, आणि तेही अंदाजाने नव्हे. पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरील पानांचे देठ बागेच्या सर्व भागांतून गोळा करावेत, पाने तेथेच खुडून टाकावीत, देठ कागदी पिशवीत भरून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावेत, आणि पिशवीवर प्लॉटचे नाव व छाटणीची तारीख लिहावी. प्लास्टिकच्या पिशवीत घामेजून सडलेले देठ घेऊन कोणी येऊ नये, ते परत केले जातील.